टेबल आमचे, भाडे दुकानाचे: कॉमिक कन्व्हेन्शनच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईत कॉमिक आणि फॅन कन्व्हेन्शन भरवणारे सर्व आयोजक,

स.न.वि.वि.

मी मराठीत कॉमिक्स करते. गोष्ट मी लिहिते, पेन्सिल आणि शाई मी करते, फुग्यांतली अक्षरे मी घालते आणि छपाईचे पैसेही मीच भरते. नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हे काम चालते. आपल्या हॉलमधल्या ज्या भागात चित्रकार आपापले काम टेबलावर मांडून विकतात आणि ज्याला आर्टिस्ट ॲली म्हणतात, तिथे मी टेबल घेत आले आहे. हे पत्र कुणा एका आयोजकासाठी नाही. दरपत्रक कुणाचेही उघडा, हॉलचा नकाशा कुणाचाही बघा, थोड्याफार फरकाने तेच दिसते. म्हणून सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. जो स्वतःचे कॉमिक स्वतः काढून, छापून विकायला आणतो, त्याच्या टेबलाचे भाडे दुकानाच्या हिशोबाने लावू नका. आणि वाचकाशी चार वाक्ये धड बोलता येतील अशा जागी त्याला बसवा. बाकीचे सगळे याच्याच पोटात येते.

आता हिशोब. आकडे उदाहरणादाखल घेते, पण आमच्यातल्या कुणालाही विचारा, फार लांबचे नाहीत. बत्तीस पानांचे, आतून काळेपांढरे, रंगीत मुखपृष्ठाचे, मधोमध पिना मारलेले पुस्तक धरा. प्रती दीडशे. एवढ्याशा कामाला ऑफसेट छपाई परवडत नाही, कारण तिच्यासाठी आधी बनवाव्या लागणाऱ्या प्लेटचा खर्च हजारभर प्रतींवर पसरला तरच तो झेपतो. मग डिजिटल छपाई करायची, आणि तिथे प्रती वाढवल्या तरी पानाचा भाव फारसा उतरत नाही. समजा प्रत ७० रुपयांना पडली आणि किंमत १५० ठेवली. प्रतीमागे हातात ८० उरले. टेबलाचे भाडे १०,००० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. नुसते भाडे फेडायला १४८ प्रती विकाव्या लागतात. छापलेल्या आहेत १५०. म्हणजे दोन सोडून सगळ्या प्रती संपल्या तर टेबलाचे पैसे निघतात. प्रवास, खाणे, मागे लावायचा बॅनर आणि वर्षभराची मेहनत यांना उरलेल्या दोन प्रती.

यातल्या जीएसटीबद्दल थोडे जास्त सांगते, कारण आयोजकांशी बोलताना हा मुद्दा दर वेळी बाजूला पडतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ते उत्तमच आहे, वाचकाला पुस्तक तेवढे स्वस्त मिळते. पण विक्रीवर करच नसल्यामुळे भाड्यावर भरलेला कर आम्हाला कुठेच वळता करून घेता येत नाही. बहुतेक जण जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहोत, पण उद्या नोंदणी केली तरी पुस्तकांच्या बाबतीत तेच राहील. शेजारच्या रांगेतली टीशर्ट आणि कॉफीचे मग विकणारी नोंदणीकृत कंपनी मात्र तो कर आपल्या देण्यातून वजा करते. दरपत्रक दोघांना एकच. त्या कंपनीला टेबल १०,००० रुपयांना पडते, मला ११,८०० ला. कॉमिक्सच्या नावाने भरणाऱ्या मेळ्यात कॉमिक आणणाऱ्याला जागा सगळ्यांत महाग पडावी, हे आपल्यालाही पटणार नाही अशी माझी खात्री आहे. मुद्दाम कुणी हे केलेले नाही. पण करणाऱ्याने मुद्दाम केले नाही म्हणून सोसणाऱ्याचे कमी होत नाही.

याचा परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. आर्टिस्ट ॲलीत एक फेरी मारा. टेबलामागून टेबल जपानी ॲनिमेतल्या आणि अमेरिकन सुपरहिरोंच्या चित्रांचे प्रिंट, स्टिकर, कीचेन. त्या मुलामुलींना मी अजिबात दोष देत नाही. त्यांचा हात चांगला आहे, रंगाची समज चांगली आहे. ओळखीचा चेहरा असलेला प्रिंट बघणारा जाता जाता उचलतो. नव्या गोष्टीसाठी त्याला थांबावे लागते, दोन पाने वाचावी लागतात. भाडे डोक्यावर असेल तर माणूस प्रिंटच छापणार. माझ्या ओळखीच्या एका तरुण चित्रकाराने वरळी कोळीवाड्यातल्या एका घराची मोठी गोष्ट काढायला घेतली होती. पहिला भाग छापून आणला तेव्हा तो टेबलाच्या मधोमध मांडला होता. पुढच्या वर्षी तो भाग मागे सरकला, पुढे प्रिंट आले. त्याच्या पुढच्या वर्षी तो टेबलाखालच्या खोक्यात होता, कुणी मागितला तर काढून द्यायला. दुसरा भाग त्याने काढलाच नाही. त्या पहिल्या भागातले पावसाळ्यातल्या बंद होड्यांचे दोन पानी चित्र मला आजही आठवते, आणि असे चित्र काढणारा माणूस थांबला याचे मला फार वाईट वाटते.

आता जागेबद्दल. कॉमिक उघडल्याशिवाय विकले जात नाही. हातात घ्यावे लागते, मधलेच एखादे पान वाचावे लागते, काढणाऱ्याला एखादा प्रश्न विचारावासा वाटतो. मागच्या खेपेला एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नात आली होती कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश करून आलेली माणसे बघायला, स्वतःच्या कपाळालाही रंगीत पट्टा बांधून. आजोबांनी माझे पुस्तक उचलले, चष्मा वर सारला आणि पान डोळ्यांजवळ नेले. लोकलच्या दारात दोन बायकांचे भांडण चालले आहे असे ते पान. आजोबा दोन्ही बायकांचे आवाज काढून वाचायला लागले. नात हसली आणि बघायला पुढे वाकली. तेवढ्यात पलीकडच्या स्टेजवर कुठल्या तरी गेमची स्पर्धा सुरू झाली आणि आमच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून असा आवाज आला की आजोबांचे नुसते ओठ हलताना दिसले. ते थोडे थांबले, परत वाचू लागले, परत थांबले. नातीने कानांवर हात ठेवले. आजोबांनी पुस्तक व्यवस्थित मिटून होते तिथे ठेवले, मला नमस्कार केला आणि दोघे निघून गेले. त्या दिवशी त्यांनी पुस्तक घेतले असते की नाही, हा भाग वेगळा. पण एक आजोबा आपल्या नातीला मराठी कॉमिक मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि तेवढ्या गोष्टीला त्या अख्ख्या हॉलमध्ये जागा नव्हती.

स्टेज हवेच. गेमिंग हवे, कॉस्प्ले तर हवेच हवे. महिनोन्‌महिने फोम कापून चिलखते बनवणारी ती मुले आमच्याइतकीच वेडी आहेत आणि आमच्याइतकीच मेहनती. मागणी एवढीच की स्पीकरचे तोंड आर्टिस्ट ॲलीकडे नको, आणि ॲली स्वच्छतागृह आणि फूड कोर्टच्या मधल्या पट्ट्यात नको. तिथून लोक घाईत जातात. नकाशावर तर आम्ही सगळे मिळून एक राखाडी चौकोन असतो, वर दोन शब्द. कंपन्यांच्या स्टॉलची नावे छापता, तशी प्रत्येक टेबलाची नावे छापा, आणि नावापुढे भाषा लिहा. मराठी कॉमिक शोधत डोंबिवलीहून किंवा विरारहून आलेल्या माणसाला टेबल क्रमांक कळला पाहिजे. आज त्याला ते नशिबाने सापडते.

लहान गोष्टी भराभर सांगते. एकट्याने टेबल सांभाळणाऱ्याला पाच मिनिटे बदली देणारा स्वयंसेवक हवा, नाहीतर दिवसभर पाणी न पिता बसावे लागते, आणि बायकांचे यात जास्त हाल होतात. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडले की यूपीआय अडकते आणि समोरचा माणूस पुस्तक ठेवून जातो; टेबलवाल्यांसाठी वेगळे वायफाय द्या. घरचा डबा आत आणू द्या. सामान आणण्याची वेळ लोकल चालू असते तेव्हाची ठेवा. कंपन्यांचा माल टेम्पोतून येतो, आमची पुस्तके दादरचा पूल चढून लगेजच्या डब्यातून येतात.

मुंबईत हे मागावे लागते याचे मला जास्त लागते, कारण हे शहर कॉमिक्सचे आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली टाइम्स समूहाने इथून सुरू केले, आणि ते मराठीतही निघत होते. जंगलातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, कित्येक घरांत त्यातून पोचला. त्याच मालिकेत १९७६ मध्ये लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांचा नायक बहादूर आला. अनंत पैंनी अमर चित्र कथा १९६७ मध्ये इथेच उभी केली, आणि राम वाईरकरांसारख्या चित्रकाराची रेषा देशभरच्या मुलांनी नाव माहीत नसताना ओळखली. मुलांचे टिंकल १९८० चे. त्याआधी, १९६० पासून, व्यंगचित्रांचे साप्ताहिक मार्मिक होतेच. आणि दिवाळी अंकांची तर १९०९ पासूनची परंपरा. हास्यचित्रांची पाने आधी उघडून मग कथांकडे वळणारा वाचक मराठीने पिढ्यान्‌पिढ्या तयार केला आहे. जे.जे. कला महाविद्यालयातून दर वर्षी नवे हात बाहेर पडतात. चित्रातून गोष्ट वाचणारे लोक इथे आहेत, काढणारेही आहेत. त्यांची गाठ पडण्याच्या जागा मात्र कमी होत गेल्या.

पुस्तकांच्या दुकानात ही गाठ का पडत नाही, तेही सांगते. विक्रेत्याचे कमिशन गेले की छपाईचा खर्चही सुटत नाही. शिवाय पिना मारलेल्या पातळ पुस्तकाला कणा नसतो. फळीवर उभे केले तर त्याचे नाव दिसत नाही, दोन जाड पुस्तकांमध्ये ते दिसेनासे होते. दुकानदार ठेवायला नाखूश असतो आणि त्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. ऑनलाइन टाकावे तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या उरावर बसतो. म्हणजे आमच्या पुस्तकाला उताणे ठेवता येईल आणि वाचक समोर उभा राहील, अशी जागा वर्षातून एकदा-दोनदाच मिळते, आणि ती आपल्याकडे.

मराठी पान हे मुळात मराठी म्हणूनच रचावे लागते, हेही इथे सांगायला हवे. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार. दोन ओळींत अंतर कमी पडले की अक्षरे एकमेकांत अडकतात. म्हणून फुगा मोठा लागतो, म्हणून चौकटीत माणसे कुठे उभी करायची ते आधी ठरवावे लागते. इंग्रजी पानावरची अक्षरे खोडून मराठी बसवली की पान गुदमरते, आणि वाचणाऱ्याला कारण कळत नसले तरी ते जाणवते. मराठी कॉमिक मराठीत काढणाराच करू शकतो. तो टिकला नाही तर बाहेरून आणून ही जागा भरून निघणारी नाही.

टोकियोतल्या कॉमिकेटचे, म्हणजे स्वतः छापलेल्या कॉमिक्सच्या मेळ्याचे, उदाहरण आपल्याला माहीत असेल. २१ डिसेंबर १९७५ ला ते पहिल्यांदा भरले तेव्हा ३२ गट होते आणि सुमारे ७०० माणसे आली होती. आज तिथे लाखो लोक जातात, आणि आजही त्याचा गाभा तोच आहे: स्वतः छापलेले पुस्तक घेऊन टेबलामागे बसलेला माणूस. टेबल घेणारा, विकत घेणारा आणि व्यवस्था बघणारा, तिघांनाही तिथे सहभागी म्हणतात. नव्या पुस्तकाची एक प्रत आयोजकांकडे जमा होते. आपल्या हॉलमधल्या टेबलांवरची किती पुस्तके दहा वर्षांनी कुणाला बघायला मिळतील? १९५४ च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकाची प्रत फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह देशातल्या ठरावीक ग्रंथालयांत जायला हवी. छोट्या कॉमिकवाल्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. नोंदणीच्या टेबलावर एक खोके ठेवा, प्रत्येकाकडून प्रती घ्या आणि एकगठ्ठा पोचवा. टाऊन हॉलपर्यंतचा खर्च एका टेम्पोचा.

हॉलचे भाडे, सुरक्षा, वीज, परदेशी पाहुणे, हे सगळे किती महाग आहे याची मला कल्पना आहे. आयोजकांनी पदरचे घालावे असे मी म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तीस टेबले वेगळ्या दराने दिली तर जमाखर्च कोलमडत नाही. प्रायोजकही येतात ते गर्दी बघून, आणि गर्दी येते ती कॉमिक या नावाच्या ओढीने. या तीस टेबलांचे भाडे चौरस फुटांवर न लावता पुस्तकाच्या किमतीवर लावा: वीस-पंचवीस प्रतींची किंमत, करासकट. म्हणजे दीडशेचे पुस्तक असणाऱ्याला तीन ते पावणेचार हजार. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एवढी विक्री होऊ शकते, आणि मग उरलेला वेळ तो आपल्या पुढच्या पुस्तकासाठी विकत असतो. मोबदल्यात अट घाला आणि ती कडक ठेवा. टेबलावरचा निदान अर्धा माल स्वतः लिहिलेल्या-काढलेल्या गोष्टींचा हवा. अर्जासोबत पुस्तक दाखवले पाहिजे. यंत्राकडून बनवून घेतलेली चित्रे स्वतःची म्हणून मांडलेली चालणार नाहीत. निवड करायला कॉमिक्स काढणारी आणि छापणारी तीन-चार माणसे बसवा, आणि त्या वर्षी त्यांनी स्वतः टेबल घेऊ नये.

आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यांत सोपे. तिकिटाबरोबर कॉमिक भेट देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. बहुतेक वेळा ते परदेशी मालिकेचे असते. मुंबईत एक वर्ष मराठी अंक द्या. आठ जणांच्या चार-चार पानी गोष्टी म्हणजे बत्तीस पाने, सोळा पानी दोन फर्मे (एका कागदावर एकदम छापून घडी घालायची पाने), छापणाऱ्याच्या दृष्टीने अगदी सरळ काम. ऑफसेटवर एवढ्या प्रती काढल्या तर प्रतीमागचा खर्च परदेशी अंकाच्या हक्कांसकट येणाऱ्या खर्चाहून जास्त होईल असे मला वाटत नाही. काढणाऱ्यांना पानामागे मानधन द्या, आधी ठरवून, वेळेवर. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी टेबल क्रमांक छापा. हॉलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात मराठी गोष्ट असेल आणि ती काढणारा चाळीस पावलांवर बसलेला असेल. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यातल्या दोन गोष्टी बिनशब्दांच्या ठेवू. चित्रातून बोलणे आम्हाला जमते, तेच तर आमचे काम आहे.

पुढच्या वर्षीचे अर्ज उघडण्याआधी आमच्यातल्या आठ-दहा जणांना एकदा भेटीला बोलवा. आम्ही दरपत्रकाचा कच्चा मसुदा, टेबलांची मांडणी आणि त्या मराठी अंकाची डमी घेऊन येऊ. शनिवार-रविवार केव्हाही चालेल. मधल्या वारी असेल तर संध्याकाळी सातनंतरची वेळ द्या, कारण आमच्यातल्या बहुतेकांना नोकऱ्या आहेत.

कळावे,

आपली,
आर्टिस्ट ॲलीतली एक मराठी कॉमिककार